कऱ्हाड नव्या कॉम्प्युटरवर आणताना

गणपती बसायच्या आदल्या दिवशी माझा कॉम्प्युटर बसला. त्या वर्षातली ही तिसरी खेप. दुरुस्तीवाल्याने बाजूचं झाकण काढून टॉर्च मारला आणि म्हणाला, "वहिनी, हे बघा, कपॅसिटर फुगलेत. बदलून देतो, पण दिवाळी काढील असं काय सांगत नाही." झाकणाच्या आतल्या बाजूला हळदीकुंकवाचे सुकलेले ठिपके होते. दर खंडेनवमीला मी त्याची पूजा करते, तेव्हा फटीतून आत गेले असणार. तो हसला. मी नाही हसले.

सांगलीच्या गावभागात घराच्या पुढच्या खोलीत १९९९ पासून मी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, प्रबंध, एक-दोन दिवाळी अंक, बारशाचं-वास्तुशांतीचं किरकोळ. हे मशीन २०१० चं. विंडोज ७, २ जीबी रॅम, ३२० जीबीची डिस्क. पण त्याच्या आधीच्या दोन मशिनींमधलं सगळं त्यात ओतलेलं, म्हणजे आतला माल पार पहिल्या वर्षापासूनचा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा घरातून माडीवर सगळ्यात आधी हा गेला. फ्रिजचा नंबर नंतर होता आणि तो लागलाच नाही.

मग इतकी वर्षं बदलला का नाही, असं भाचा विचारतो. तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं म्हणणं, विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत, क्रोमची १०९ नंतरची आवृत्ती त्यावर चढत नाही, बँकेची साइट उघडताना तुला भीती कशी वाटत नाही? भीती वाटत नव्हती, कारण बँकेचं मी मोबाइलवर करते. कॉम्प्युटरवर मी मराठी टाइप करते आणि पानं लावते. ती दोन्ही कामं तो चोख करत होता.

आणि खरं कारण मागच्या बाजूला खोचलेलं होतं. माझ्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक हार्डवेअर लॉक आहे. काडेपेटीएवढा करडा ठोकळा, जुन्या प्रिंटरची रुंद पिन जिथे बसायची त्या पॅरलल पोर्टमध्ये बसणारा. तो नसला की फॉन्ट दिसतात, छापतात, पण कीबोर्ड मराठी उमटवत नाही. २००३ मध्ये तो घेतला तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरला ते पोर्ट असायचं. २०१० ला दुकानात उभं राहून, "एलपीटी असलेलाच बोर्ड द्या," असा हट्ट करावा लागला होता. आता २०२५ मध्ये मी तसं म्हटल्यावर दुकानातला मुलगा कौतुकाने बघत राहिला, जणू मी घासलेट मागितलं.

दसऱ्याला नवा कॉम्प्युटर आला. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज ११. सगळं मिळून ५२ हजार. आपट्याचं पान नव्यावर ठेवलं, एक जुन्यावरही ठेवलं. तुळशीचं लग्न बरोबर महिन्यावर होतं. तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू होतात आणि मला जेवायला वेळ मिळत नाही. म्हणजे हातात एक महिना होता.

सुरुवात मी माझ्या अकलेने केली, म्हणजे पेन ड्राइव्हने. ३२ जीबीचा ड्राइव्ह, १४३ जीबी माल, पाच फेऱ्यांत काम संपवू असा हिशेब. पहिल्याच फेरीत दिवाळी अंकाची ६ जीबीची झिप फाइल जाईना. ड्राइव्ह रिकामा, तरी म्हणे फाइल फार मोठी आहे. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, तो पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे बसत नाही, ड्राइव्ह केवढाही असू दे." आणि मग म्हणाला, "तू हे काही करू नकोस, मी शनिवारी येतो." त्याला माझ्या हातची कटाची आमटीही हवी होती, ते वेगळं.

शनिवारी त्याने जुन्याची डिस्क सरळ बाहेर काढली आणि एका डबीवजा ॲडॉप्टरमधून नव्याला यूएसबीने जोडली. तिथे माझी पंचवीस वर्षं उघडी पडली. 'जुना डेस्कटॉप' नावाचा फोल्डर, त्याच्यात 'जुना डेस्कटॉप २', त्याच्यात 'पहिल्या कॉम्प्युटरवरचं', त्याच्यात पुन्हा 'डेस्कटॉप'. विहीर खणताना मुरूम, मग खडक, मग काळा पाषाण लागतो तसं. आणि शेवटी 'पाटील'. सांगलीत डीटीपी करताना फाइलला गिऱ्हाइकाच्या आडनावाचं नाव द्यायचं म्हणजे काय होतं, ते सांगलीबाहेरच्याला कळायचं नाही. माझ्याकडे पाटील, पाटील१, पाटील२ असं करत पाटील२१४ पर्यंत फाइली निघाल्या. भाचा म्हणाला, यापुढे वर्ष-महिना-काम-नाव असंच लिहायचं. मी कबूल केलं.

कॉपी-पेस्टने अर्धा तास बरं चाललं आणि मग पट्टी थांबली. कधी पत्ता फार लांब झाला म्हणून. विंडोजला नेहमीच्या वापरात फाइलचा फोल्डरांसकटचा पत्ता २६० अक्षरांपर्यंत चालतो, आणि माझ्या विहिरीचा तळ त्याच्याही खाली होता. कधी डिस्कचा तेवढा भागच वाचता येईना म्हणून. आणि थांबली की कुठवर झालं तेही कळत नव्हतं. मग त्याने काळी खिडकी उघडून रोबोकॉपी लावलं. हे विंडोजमध्ये व्हिस्टा आवृत्तीपासून आहेच, वेगळं घ्यावं लागत नाही. न वाचलेली फाइल मागे ठेवून पुढे जातं, काय राहिलं त्याची यादी लिहून ठेवतं, मध्येच वीज गेली तर परत तिथून पुढे. फक्त एक खोड आहे. आपण काही सांगितलं नाही तर ते न वाचणाऱ्या फाइलवर ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करतं. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं: एका फाइलला साडेअकरा महिने. इतका चिवटपणा फक्त विम्याचा एजंट दाखवतो. भाच्याने तो आकडा एकवर आणला आणि आम्ही जेवायला बसलो.

संध्याकाळी सातपर्यंत १ लाख ८६ हजार फाइली पलीकडे गेल्या होत्या. राहिलेल्यांची यादी ४१ फाइलींची. जुनी गाणी, कुठले कुठले फोटो, एका पतसंस्थेचा २००६ चा ताळेबंद. आणि कुलवृत्तांताचं चौथं प्रकरण.

इथे मला थोडं मागे जावं लागेल. मिरजेचे एक आबा आहेत, आता ऐंशीच्या घरातले. २००८ मध्ये त्यांच्या घराण्याचा ४१२ पानी कुलवृत्तांत मी केला होता. दहा-बारा पिढ्या, शाखावार वंशावळी, प्रत्येक माणसाचा जन्म, शिक्षण, नोकरी, सोयरिक, बारीक चौकटीतला फोटो. आता त्याची दुसरी आवृत्ती काढायची होती. नवी लग्नं, नवी मुलं, अमेरिकेतले दोन घटस्फोट, जे घालायचे की नाहीत यावर त्यांच्यात बैठका चालू होत्या. आबांनी भाद्रपदातच ॲडव्हान्स दिला होता. त्या पुस्तकाची आठ प्रकरणं, आठ फाइली. चौथी डिस्कच्या नेमक्या मेलेल्या जागेवर होती.

माझ्याकडे त्या काळातल्या सीड्या होत्या, काळ्या पाकिटांच्या वहीत. नव्या कॉम्प्युटरला सीडीचा ड्राइव्हच नाही. शेजारच्या फोटोवाल्याकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. 'कुलवृत्तांत फायनल' लिहिलेल्या सीडीचा चंदेरी पापुद्रा एका कडेने सुटून आला होता, दुधावरच्या सायीसारखा. ती घरघरली आणि गप्प झाली.

आबांना सांगायलाच हवं होतं. मी घाबरत फोन केला. ते म्हणाले, "ताई, सीडी म्हणजे ती तुम्ही मला दिली होती तीच ना? आहे की." त्यांच्या घरात आजवर कॉम्प्युटर आलेला नाही. पण मी २००८ मध्ये पुस्तकाबरोबर एक प्रत त्यांच्या हातात दिली होती, आणि त्यांनी ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, सातबाऱ्याचे उतारे आणि मृत्यूपत्राच्या सोबत, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. सतरा वर्षं उजेड नाही, दमट नाही, ओरखडा नाही. रिक्षाने स्वतः घेऊन आले. पहिल्या झटक्यात वाचली. चौथं प्रकरण डेस्कटॉपवर उतरताना मी त्यांना चहा दिला आणि ते पट्टीकडे बघत म्हणाले, "यात आमचे कोण कोण चाललेत?"

फाइली आल्या. आता उघडायच्या.

मी पानं लावते ते सॉफ्टवेअर, पेजमेकर ७, हे २००१ चं. त्यानंतर त्याची नवी आवृत्ती आलीच नाही. ते नव्या विंडोजवर ओढूनताणून बसवण्याऐवजी भाच्याने व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर. त्यात माझी खोक्यासकट घेतलेली विंडोज एक्सपीची सीडी लावली. पडद्यावर एक चौकट उघडली आणि तिच्यात ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. मला उगाचच भरून आलं. इंटरनेट त्या आतल्या मशीनला दिलं नाही. एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्येच संपलाय, ती जुनी म्हातारी घरातच बरी.

पहिली फाइल उघडली ती पाटील८७. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, स्वल्पविराम, कंस, उलटी प्रश्नचिन्हं यांचा सडा. वरातीत फटाक्यांची माळ फुटल्यावर रस्ता दिसतो तसं. ज्यांनी युनिकोडच्या आधी, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर मिळण्याच्या आधी, मराठीत काम केलंय त्यांना हे दृश्य ओळखीचं आहे. जुन्या फॉन्टमध्ये 'क' असा कुठे साठवलेलाच नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क' चं चित्र बसवलेलं असतं, आणि फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. म्हणजे फाइल आणली, फॉन्ट आणले नाहीत, तर काहीच आणलं नाही. जुन्या डिस्कच्या फॉन्टच्या फोल्डरमधून ६४० फॉन्ट आणून आत टाकले आणि पाटील८७ मधला गणपती, 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न', आणि खाली कोपऱ्यातलं 'आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!' जागच्या जागी आलं.

फोटो मात्र आले नाहीत. पेजमेकर मोठे फोटो पोटात घेत नाही, कुठे आहेत तेवढं लक्षात ठेवतं. आणि माझं सगळं 'डी' ड्राइव्हवर असायचं. नव्यात डी नाहीच, एकच सी. कुलवृत्तांतातले सातशेच्या वर फोटो एकेक करून पुन्हा जोडायचे या कल्पनेने मला ताप आला असता. पण यावर उपाय इतका सोपा निघाला की लाज वाटावी. आतल्या एक्सपीत सीडीच्या ड्राइव्हचं अक्षर बदलून 'झेड' केलं आणि बाहेरच्या फोल्डरला 'डी' म्हणून जोडून दिलं. आतले फोल्डर जसेच्या तसे होते. फोटो आपापल्या घरी गेले.

प्रिंटर, कोरलड्रॉ, स्कॅनर, क्लिपआर्टचे गणपती हे सगळं दोन दिवसांत लागलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

राहिला लॉक. यूएसबीवरून पॅरलल पोर्ट करून देणारी वायर मिळते. चारशे रुपयांची आणली. प्रिंटर लागला असता त्यावर, लॉक लागला नाही. त्या वायरी प्रिंटरसाठीच बोलतात, खऱ्या पोर्टासारखा पत्ता देत नाहीत, असं नंतर कळलं. कंपनीला फोन केला. ते बिचारे सभ्यपणे म्हणाले, जुना लॉक परत द्या, यूएसबीचा नवा घ्या, मधले पैसे भरा. मधले पैसे ऐकून मी, "विचार करते," म्हटलं.

विचार असा की, अजून किती वर्षं मी इंग्रजी अक्षरांवर मराठीची चित्रं चिकटवत बसणार? पीएच.डी.ची पोरं आता युनिकोडमध्येच फाइल आणतात. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर मी पुन्हा टाइप करत होते, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. भाचा तर वर्षानुवर्षं तेच सांगत होता, फक्त तो ते फार वेळा सांगतो म्हणून मी ऐकत नव्हते.

तर ठरलं. जुनी कामं आतल्या खिडकीत उघडायची, छापायची. नवं सगळं युनिकोडमध्ये. पानं लावायला स्क्रायबस. ते फुकट आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्या देवनागरी जोडाक्षरं नीट मांडतात. आणि कुलवृत्तांत आधी युनिकोडमध्ये आणायचा.

यात दोन गोष्टी होत्या. माझी बोटं आणि ती ४१२ पानं.

बोटांचं असं. मी टाइपरायटरवर शिकले, मराठी ३० आणि ४० च्या परीक्षा दिलेली. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. कागदावर ती आधी दिसते, म्हणून आधी. रफार मात्र अक्षरानंतर, वर नेऊन ठेवायचा. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. 'धर्म' म्हणजे ध, र, हलन्त, म. विंडोजच्या मराठी कीबोर्डवर, म्हणजे इनस्क्रिप्टवर, मी पहिला परिच्छेद टाइप केला तेव्हा प्रत्येक वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटली. टाइपरायटरच्या मांडणीचे युनिकोड कीबोर्डही मिळतात, ते आतल्या आत क्रम उलटून देतात. पण मी हट्टाने इनस्क्रिप्ट शिकायचं ठरवलं. चौपन्नाव्या वर्षी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची वाटणी आहे आणि ती शहाणपणाची आहे हे कबूल करायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत माझा वेग पहिलीतल्या पोराएवढा होता. कुणी गिऱ्हाईक आलं की मी स्क्रीन थोडी वळवून ठेवायची.

पानांचं काम जास्त अवघड निघालं. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये करणारे कन्व्हर्टर असतात. एक प्रकरण त्यात घातलं, बाहेर आलेलं वाचलं, आणि वाटलं, अरे, झालंच की! वेलांट्या जागेवर, काने जागेवर. दहा पानं छापून आबांकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन. "ताई, हे कर्हाड कुठलं वो?"

मराठीत दोन प्रकारचे अर्धे 'र' वर-खाली फिरतात, हे आपण बोलताना विसरून जातो. सूर्य, धर्म, कार्य यांचा रफार डोक्यावर. दुसऱ्या, वाऱ्यावर, वऱ्हाड, कऱ्हाड, गुऱ्हाळ यांचा 'र' अक्षराच्या पुढे आडवा, पापणीच्या केसासारखा. जुन्या फॉन्टमध्ये दोघांची चित्रं वेगळी, त्यामुळे घोटाळा नाही. युनिकोडमध्ये आडवा 'र' आणायचा तर त्याला खाली नुक्ता असलेला 'ऱ' लागतो. माझ्या कन्व्हर्टरला हे माहीत नव्हतं. त्याने दोघांना एकाच रफारात कोंबलं. कर्हाड, वर्हाड, दुसर्या, नवर्या मुलाकडील. आणि आबांची निम्मी सोयरिक कऱ्हाडची.

मी शहाणपणा केला. शोधा आणि बदला: 'र्य' दिसेल तिथे 'ऱ्य', 'र्ह' दिसेल तिथे 'ऱ्ह', सगळीकडे. एका क्लिकमध्ये हजारो बदल झाले आणि मी समाधानाने चहा करायला गेले. परत येऊन बघते तर आचाऱ्य. काऱ्यकारी अभियंता. मऱ्यादा. त्या घराण्यात दर दुसऱ्या पिढीला एक सूर्याजी आहे; ते सगळे सूऱ्याजी झाले, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातल्या सुऱ्याच. 'र्ह' चं तरी ठीक असेल म्हटलं, कारण मराठीत त्याचे रफारवाले शब्द बोटावर मोजण्याइतके. पण त्या बोटांपैकी एक बोट 'अर्हता' चं, आणि कुलवृत्तांतात प्रत्येक माणसापुढे एक ओळ असते, 'शैक्षणिक अर्हता'. ती अठराशे माणसांना 'अऱ्हता' झाली होती.

मागे फिरवलं. रात्री झोप लागेना तेव्हा सुचलं ते असं: बदल युनिकोड झाल्यावर करायचाच नाही, आधी करायचा. जुन्या मजकुरात दोन्ही 'र' अजून वेगळे आहेत. तिथेच आडव्या 'र' च्या जागी अशी काहीतरी खूण ठेवायची, जी कन्व्हर्टरमधून सुखरूप बाहेर येईल आणि पुस्तकात दुसरीकडे कुठे नसेल. अशी एकच खूण होती. ॐ. संपूर्ण पुस्तकात ती पहिल्या पानावर एकदाच.

लॉक नसल्यामुळे आतल्या एक्सपीत मराठी टाइप करता येत नव्हतं, पण कॉपी करून चिकटवता येत होतं. पहाटे पाच वाजता पेजमेकरच्या स्टोरी एडिटरमध्ये मी आडवा 'र' उचलून 'शोधा' च्या चौकटीत टाकला, पहिल्या पानावरचा ॐ उचलून 'बदला' च्या. मग कन्व्हर्टर. बाहेर आलं ते असं: कॐहाड. दुसॐया मुलीचा विवाह. वॐहाडात नोकरी. मग युनिकोडमध्ये ॐ च्या जागी 'ऱ्', सगळीकडे. एकाही सूर्याजीला धक्का लागला नाही. पहिल्या पानावरचा खरा ॐ तेवढा पुन्हा हाताने घातला, कारण तिथे 'ऱ्' होऊन बसला होता.

यातलं मधलं एक पान चुकून छापलं गेलं आणि आबांच्या गठ्ठ्यात गेलं. त्यांनी ते कॐहाड बघितलं, थोडं थांबले आणि म्हणाले, "हे वाईट नाही. पण नको."

वकिलांनी वेगळा त्रास दिला. घराण्यात वकील बरेच. मी 'ॲड.' शोधलं की चौदाच सापडत, आणि आबा म्हणत तेवीस आहेत. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याच्या आधीपासून लोक 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवतात. दिसायला दोन्ही तेच, कॉम्प्युटरला वेगळे. कन्व्हर्टरने काही एका पद्धतीने लिहिले होते, मी नवे टाइप केलेले दुसऱ्या. नऊ वकील त्या फटीत राहिले होते.

शेवटी फॉन्ट. आबांना 'ल' मराठीच हवा, पाकळ्यांचा, आणि 'श' देठाचा. ते शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयाचा दाखला देतात, मास्तर होते. युनिकोडमध्ये 'ल' एकच, त्याचं रूप फॉन्ट ठरवतो, त्यामुळे बऱ्याच फॉन्टांमध्ये हिंदी वळणाचा 'ल' येतो आणि आबांची भुवई वर जाते. यशोमुद्रा दाखवला, मुक्ता दाखवला. तिरो देवनागरी मराठीवर त्यांनी बोट ठेवलं आणि मान डोलावली. त्यात काळेपणा जरा कमी वाटतो, हे माझं मत मी माझ्यापाशी ठेवलं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आठवं प्रकरण लागलं. जुना कॉम्प्युटर अजून कोपऱ्यात आहे. डिस्क परत आत बसवली, लॉक मागे तसाच. कधी कधी चालू होतो, कधी नाही. पाऊस आला की माडीवर न्यायचा की नाही, याचं अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक. बाई घाईत, बाहेर मोटारसायकल चालूच. "वहिनी, थोरलीच्या पत्रिकेत होता तोच गणपती घाला. आणि तेच 'यायचं हं'. फक्त ताईच्या जागी माईच्या करा." आतली खिडकी उघडली, पाटील८७ उघडली, मजकूर बाहेर काढला, गणपती बाहेर काढला. 'नवऱ्या मुलाकडील वऱ्हाडी' मी इनस्क्रिप्टवर, न बघता, एका दमात टाइप केलं. मग सेव्ह करताना नाव विचारलं तेव्हा वर्ष-महिना-काम असं काहीतरी मनात आलं. बाहेरून हॉर्न वाजला.

पाटील२१५.